खरखरणारं ग्लो इंजिन: मागचं-पुढचं बेअरिंग बदलल्याचं पूर्ण प्रकरण

पार्श्वभूमी

रिमोटवर उडवायच्या मॉडेल विमानाचं इंजिन होतं, ७.५ सीसीचं टू-स्ट्रोक ग्लो (ठिणगीऐवजी प्लगमधल्या तापलेल्या तारेवर इंधन पेटवणारं), म्हणजे ०.४६ घन इंच, सगळे ज्याला नुसतं फोर्टी-सिक्स म्हणतात ते. दोन बॉल बेअरिंगवालं, एबीसी पिस्टन-लायनर (ॲल्युमिनियमचा पिस्टन, आणि तो ज्यात वर-खाली होतो ती आतून क्रोम केलेली पितळी नळी), हाय-विंग ट्रेनरवर, म्हणजे शिकाऊंच्या विमानावर बसवलेलं, ११×६ इंचांचा प्रॉप, म्हणजे पंखा. मालक कॉलेजात जाणारा मुलगा, ओळख सांगायची नाही म्हणून त्याला इथे मालकच म्हणतो. ब्रँडही सांगत नाही कारण यात ब्रँडचा काही संबंधच नाही, जे झालं ते कुठल्याही ग्लो इंजिनाचं होऊ शकतं. मी त्याच्यापेक्षा थोडा जुना, आणि आमच्या दोघांच्या वर एक काका आहेत ज्यांनी आयुष्यभर अशी इंजिनं उघडून परत जोडलीत.

दोन वर्षं इंजिन झकास चाललं. मग परीक्षा आल्या आणि विमान आठ महिने भिंतीला टांगून राहिलं. शेवटच्या दिवशी त्याने टाकी रिकामी केली, विमान पुसलं, ठेवून दिलं. इंजिनाच्या पोटात जे इंधन उरलं होतं ते मात्र तसंच राहिलं, आणि पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं म्हणून ते आधीच सांगतो. ग्लो फ्युएल म्हणजे मुख्यतः मेथेनॉल, त्यात १८-२० टक्के तेल आणि थोडं नायट्रोमिथेन, याच्या डब्यात १० टक्के होतं. मेथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि नायट्रो जळल्यावर जे मागे राहतं ते आम्लासारखं असतं. मागचं मोठं बेअरिंग क्रँककेसच्या (इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या पेटीच्या) आत अगदी उघडं बसलेलं, त्याला सील नाही कारण त्याचं वंगण इंधनातल्या तेलावरच चालतं. मग पाणी आणि आम्ल आठ महिने त्या गोळ्यांवर बसून राहिलं तर गंज तिथूनच सुरू होणार.

अडचण कशी दिसली

आठ महिन्यांनी काढलं तेव्हा इंजिन चिकटलेलं होतं. ते नवीन नाही, एरंडेल तेल असलेलं इंधन सुकलं की असं होतंच, हेडला थोडी गरम हवा दिली आणि सुटलं. चालूही झालं. पण आयडल, म्हणजे मंद चाल, लागेना, कधी वर जाई कधी बंद पडे, फुल थ्रॉटलला सुरुवातीला ताकद यायची आणि अर्ध्या मिनिटात आवाज बसायचा. एकदा वळणात बंद पडलं, डेडस्टिक, म्हणजे बंद इंजिनावर, उतरवताना विमान गवतात गेलं, नशिबाने फक्त लँडिंग गिअर वाकला.

आम्ही काय केलं, तर नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू, फिरवली. इंजिन नीट चालत नाही म्हटलं की हात आधी नीडलवरच जातो. रिच केली (इंधन वाढवलं), लीन केली (कमी केलं), परत रिच केली, प्लग बदलला, टाकीतला क्लंक (नळीच्या टोकाचं वजन) आणि नळी बदलली, मफलरची प्रेशर लाईन तपासली, बॅकप्लेटचे (इंजिनाच्या मागच्या झाकणाचे) स्क्रू आवळले. यात तीन रविवार गेले. मधल्या काळात तीन प्लगही गेले, आणि खरं तर तिथेच आम्हाला कळायला हवं होतं, कारण तिसऱ्या प्लगची तार जळलेली नव्हती, ती चेचल्यासारखी होती, आणि तिच्या आजूबाजूला राखाडी ठिपके होते. आतून काहीतरी कठीण उडून तिच्यावर आपटत होतं. आम्ही ते बघितलं आणि 'प्लगच खराब निघाला' म्हणून फेकून दिला.

चौथ्या रविवारी काका आले. त्यांनी इंजिन चालू असताना दहा-बारा सेकंद ऐकलं आणि म्हणाले, "अरे, नीडल सोड आधी. बंद कर, प्लग काढ आणि हाताने फिरव."

मालकाने फिरवलं. "काका, वरती आल्यावर घट्ट लागतंय, पण ते तर आधीपासूनच आहे."

ते बरोबर होतं आणि इथे बरेच नवे लोक फसतात म्हणून थांबून सांगतो. एबीसी इंजिनात लायनर वरच्या बाजूला किंचित निमुळता असतो, त्यामुळे थंड असताना पिस्टन अगदी वर आला की आवळतो, तो दोष नाही, तसंच असायला हवं. बेअरिंग तपासायचं तर ते वरचं टोक सोडून, पिस्टन मधे किंवा खाली असताना प्रॉप पुढे-मागे थोडा थोडा हलवायचा. काकांनी त्याचा हात धरूनच तसं करून घेतलं. मग मला दिला. बोटांना जे लागलं ते म्हणजे बारीक वाळूवरून बाटली फिरवल्यासारखं, मधेच एक खाच, परत खरखर, परत खाच. प्रॉप धरून वर-खाली हलवला तर अगदी बारीक 'टिक' येत होतं.

मग काकांनी मफलरच्या तोंडाखाली पांढरा टिश्यू धरायला सांगितला आणि अर्धा मिनिट चालवलं. टिश्यूवर जे तेल पडलं ते काळपट-तांबूस होतं, आणि उन्हात तिरका धरला की त्यात चमचम दिसत होती. दुसऱ्या बाजूने लोहचुंबक फिरवला तर ती चमचम जरा जरा हलली. मालकाचा चेहरा पडला. म्हणजे गोळ्यांचा आणि रिंगचा चुरा पिस्टनजवळून बाहेर चालला होता, आणि आम्ही तीन रविवार ते इंजिन फुल थ्रॉटलला पळवत होतो, मिनिटाला अकरा-बारा हजार फेऱ्यांवर.

कुठले पर्याय होते

पहिला पर्याय सगळ्यात सोपा: बॅकप्लेट काढून रॉकेलने धुवायचं, भरपूर तेल सोडायचं आणि चालवत राहायचं. असं करणारे आहेत, आणि गंज अगदी वरवरचा असेल तर काही दिवस चालूनही जातं. पण इथे धातू सुटत होता. गोळ्यांना धरून ठेवणारी केज तुटली तर तुकडा थेट पिस्टन आणि लायनरच्या मधे जातो, आणि मग बेअरिंगच्या खर्चात सुटणारं काम अख्ख्या इंजिनावर येतं. काकांनी हा पर्याय एका वाक्यात मोडून काढला, "चुरा दिसला की इंजिन चालवायचं नाही, बस."

दुसरा पर्याय नवीन इंजिन, ते मालकाला नको होतं आणि मलाही, कारण बाकी सगळं ठणठणीत होतं. तिसरा, कुणा जाणकाराकडे देऊन टाकायचं. चौथा, आपणच बदलायचं, काका बाजूला बसतील पण हात लावणार नाहीत. मालकाने चौथा निवडला. मला तेव्हा तो बरोबर वाटला आणि अजूनही वाटतो, मधे एक बेअरिंग वाया गेलं तरी.

त्यातला पोटप्रश्न असा की फक्त मागचं बदलायचं की दोन्ही. पुढचं बेअरिंग हाताला ठीक लागत होतं. पण इंजिनाच्या नाकाकडून तेल झिरपत होतं, प्रॉप ड्रायव्हरच्या (प्रॉप ज्याला टेकतो त्या चकतीच्या) मागे ओला डाग कायम असायचा. आणि उघडायची मेहनत एकदाच करायची असेल तर पुढचं जुनं ठेवण्यात अर्थ नाही. दोन्ही बदलायचं ठरलं.

बेअरिंग निवडताना

जुन्या बेअरिंगवरचे नंबर अर्धे पुसलेले होते, म्हणून व्हर्नियरने मोजलं: मागचं १५×२८×७ मिमी, पुढचं ७×१९×६. ही सर्वसाधारण मापंच आहेत, बेअरिंगचे नंबर ६९०२ आणि ६०७. तुमच्या इंजिनाचं माप वेगळं असू शकतं, म्हणून आधी मोजा, कुणाच्या सांगण्यावर मागवू नका.

माप जुळलं तरी बेअरिंग सारखंच असेल असं नाही. एक, आतली मोकळीक: सी-३ म्हणजे नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक असलेलं घेतलं, कारण घट्ट बसवल्यावर आणि तापल्यावर ती मोकळीक कमी होते. दोन, सील: मागचं दोन्ही बाजूंनी उघडं हवं. सील असलेलंच मिळालं तर दोन्ही सील टाचणीने अलगद उचकटून काढायची आणि आतलं ग्रीस धुऊन टाकायचं. पुढच्याला बाहेरच्या बाजूला सील ठेवायचं आणि आतल्या बाजूचं काढायचं म्हणजे तेल आत पोचतं. तीन, स्टेनलेस की साधं क्रोम स्टील. स्टेनलेस गंजायला वेळ लावतं पण भार थोडा कमी सोसतं. सिरॅमिक गोळ्यांचं हायब्रिडही मिळतं, पण त्यात गोळ्या गंजत नाहीत तरी रिंग स्टीलच्या असल्या तर त्या गंजतातच. मालकाने साधं क्रोम स्टील घेतलं, त्याचं म्हणणं असं की गंज माझ्या सवयीने आला, तर मी सवय बदलतो. मला ते पटलं.

प्रत्यक्ष काम: उघडणं

आधी कार्ब (हवा आणि इंधन मिसळणारा कार्ब्युरेटर) काढला, त्याच्या ओ-रिंग उष्णतेत टिकत नाहीत. मग मफलर, प्लग, हेड, बॅकप्लेट. स्लीव्ह, म्हणजे लायनरच, काढायच्या आधी तिचा एक्झॉस्ट पोर्ट कुठल्या बाजूला, पिस्टन कुठल्या तोंडाने, कनेक्टिंग रॉडची कुठली बाजू क्रँककडे, या सगळ्याचे फोटो काढले आणि पिस्टनच्या आतल्या बाजूला मार्करने बाण केला. हे कंटाळवाणं वाटतं पण रॉड उलटा बसला तर क्रँकवर घासतो, आणि ते चालू केल्यावरच कळतं.

प्रॉप ड्रायव्हर शाफ्टवर आवळून बसलेला होता, तो पुलरने काढला, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला नाही. मग शाफ्टच्या टोकावर जुना नट आट्यांच्या बरोबरीला येईल इतका लावला, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि हलके तीन-चार ठोके मारले. शाफ्ट मागून बाहेर आला, बेअरिंग मात्र दोन्ही क्रँककेसमध्येच राहिली.

आता ताप द्यायचा. इथे दुसरा निर्णय होता, कशाने. गॅसची ज्योत मी स्वतः नको म्हटलं, एका जागी जास्त तापतं, पातळ भिंती वाकू शकतात, आणि मेथेनॉल राहिलं असेल तर भलताच प्रकार. हीट गन चालते पण एकसारखं तापवायला कौशल्य लागतं. ओव्हन सगळ्यात सरळ. एक गोष्ट मात्र आवर्जून: केस आधी स्वच्छ धुऊन दोन दिवस उघड्यावर वाळू द्यायची. मेथेनॉल विषारी आहे, वाफाही, आणि त्याची ज्योत दिवसा डोळ्यांना जवळपास दिसत नाही. जेवण ज्यात बनतं त्या ओव्हनमध्ये हे काम करू नका. आमच्याकडे फक्त रंग सुकवायला ठेवलेला एक जुना छोटा ओव्हन होता. डायलवर विश्वास न ठेवता आत थर्मामीटर ठेवला आणि १५० अंश सेल्सिअसला वीस मिनिटं दिली.

तापवून बेअरिंग का सुटतं हे मालकाने विचारलं तेव्हा आम्ही हिशोबच केला. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, स्टील १२ च्या आसपास. २५ अंशांवरून १५० वर गेलं की २८ मिमीच्या बेअरिंगसाठी फरक पडतो जवळपास ०.०४ मिमी. डोळ्याला काही दिसत नाही पण घट्ट बसलेलं बेअरिंग सुटायला तेवढं पुरतं. पुढचं १९ मिमीचं, तिथे फरक ०.०२६ च्या आसपास, म्हणजे तिथे मोकळीक आणखी कमी मिळणार.

जाड मोजे घालून केस बाहेर काढली आणि मागची सपाट बाजू लाकडी पाटावर एकदम आपटली. काही नाही. परत दहा मिनिटं ओव्हनमध्ये, परत आपटली. मालक म्हणाला, "दादा, हातोडीने आतून मारू का?" मी नाही म्हटलं, काका काहीच बोलले नाहीत. तिसऱ्यांदा आपटल्यावर 'टप्प' करून बेअरिंग पाटावर पडलं, आणि त्या आवाजाचा आनंद मला शब्दात सांगता येणार नाही. पुढचं बेअरिंग त्याच गरमीत मागून लाकडी दांडी घालून एका ठोक्यात निघालं.

मागचं बेअरिंग थंड झाल्यावर भिंगाखाली बघितलं. बाहेरच्या रिंगच्या खोबणीत, खालच्या अर्ध्या भागात, तांबूस-काळे खड्डे, टाचणीच्या टोकाएवढे, एका ओळीत, गोळ्यांच्या अंतराने. आठ महिने विमान ज्या कोनात टांगलेलं होतं त्याच कोनात जिथे थेंब साचला असणार, तिथेच. गोळ्यांवर पट्टे पडलेले. केज मात्र शाबूत होती.

नवीन बसवताना जे चुकलं

हा भाग मी सगळ्यात नीट लिहितो कारण बेअरिंग काढण्यापेक्षा बसवताना नुकसान जास्त होतं.

केस परत तापवली, पुढचं बेअरिंग बाहेरून टाकलं, ते आपसूक बसलं. मग मागचं. मालकाने ते चिमट्याने धरून केसमध्ये सोडलं आणि ते तिरकं अडकलं. ते सरळ करायला पाच-सहा सेकंद गेले, आणि तेवढ्यात थंड बेअरिंगने आजूबाजूचं ॲल्युमिनियम थंड करून टाकलं. आता ते ना आत जाईना ना बाहेर येईना. इथे आम्ही परत ओव्हनमध्ये ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही. हाताशी एक सॉकेट होता, तो बेअरिंगवर ठेवला आणि हातोडीने चार ठोके दिले, बेअरिंग सरळ होऊन तळाशी बसलं. सॉकेट आतल्या रिंगवर टेकला होता हे ठोके देऊन झाल्यावर लक्षात आलं. सॉकेट मीच पुढे केला होता.

केस थंड झाली, शाफ्ट घातला, फिरवला, आणि नवीन कोरं बेअरिंग दर फेरीला ठराविक जागी टकटकत होतं. बाहेरची रिंग केसमध्ये अडकलेली असताना आतल्या रिंगवर मारलं की सगळा जोर गोळ्यांमधून जातो, आणि गोळी रिंगच्या खोबणीत बारीक खळगा पाडते. तो परत भरत नाही. नियम साधा आहे, केसमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर, शाफ्टवर बसवताना फक्त आतल्या रिंगवर.

इथे मालकाने विचारलं की थोडंसंच टकटकतंय, चालवून बघायचं का. काकांनी फक्त विचारलं, "तुला काय वाटतं?" त्याने दोन मिनिटं शाफ्ट फिरवला आणि म्हणाला, नाही, काढू. मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच होता आणि तो त्याने स्वतः घेतला.

दुसरं बेअरिंग यायला आठवडा लागला. यावेळी क्रम बदलला. शाफ्टवर मागचं बेअरिंग आधीच बसवलं, आतल्या रिंगवर नळी ठेवून, क्रँकच्या खांद्यापर्यंत. मग शाफ्ट-बेअरिंग दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तासभर फ्रीझरमध्ये, पिशवी यासाठी की बाहेर काढल्यावर त्यावर दव धरू नये. केस तापवताना पुढचं बेअरिंग घसरून ओव्हनच्या तळाशी पडलं, घाबरलो पण काही झालं नव्हतं, परत बसवलं, बाहेरच्या रिंगवर नळीने हलकं दाबून. मग थंड शाफ्ट मागून सरळ आत. शाफ्टचं नाक पुढच्या बेअरिंगमधून गेल्यामुळे मागचं तिरकं व्हायला जागाच नव्हती, एका झटक्यात तळाला लागलं, आणि केस थंड होईपर्यंत अंगठ्याने तसंच दाबून धरलं.

थंड झाल्यावर शाफ्ट जरा जड फिरत होता. काकांनी इथे पहिल्यांदा हात लावला. शाफ्टच्या दोन्ही टोकांना लाकडाने आलटून पालटून अगदी हलके ठोके, आणि शाफ्ट एकदम मोकळा झाला. बेअरिंग एकमेकांवर बाजूने दाबलेली असतात, त्या ठोक्यांनी ती आपल्या जागी बसतात.

परिणाम

जोडताना हेडचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळले आणि पहिल्या चालवण्यानंतर इंजिन थंड झाल्यावर परत बघितले. दोन टाक्या रिच चालवलं, मग नीडल बसवली. टॅकोवर (फेऱ्या मोजायच्या यंत्रावर) बारा हजारांच्या आसपासचे जुने आकडे परत आले, अर्ध्या मिनिटाने आवाज बसणं गेलं, आयडल पहिल्याच सकाळी लागला. नाकाचा ओला डाग गेला. टिश्यूवरचं तेल स्वच्छ, पिवळसर.

एक नुकसान भरून आलं नाही. लायनरवर एक्झॉस्ट पोर्टच्या वर एक उभी बारीक रेघ आहे, त्या चुऱ्याने पडलेली. गरम असताना कॉम्प्रेशन पूर्वीइतकं नाही, सुरू व्हायला प्रॉपला एखादी फ्लिक, म्हणजे झटका, जास्त लागते.

वेगळं काय करता आलं असतं

ती रेघ बघितली की मला ते तीन रविवार आठवतात. पहिल्या दिवशीच प्लग काढून हाताने फिरवलं असतं तर ती पडलीच नसती. दोन मिनिटांची तपासणी आहे, आता मी कुणाचंही इंजिन बिघडलं की नीडलच्या आधी तेच करतो, आणि गेलेला प्लग फेकायच्या आधी भिंगातून बघतो.

मागची बेअरिंगं दोन मागवायला हवी होती, आठवडा वाचला असता. आणि बेअरिंग अडकलं की केस परत ओव्हनमध्ये, हे आधीच बोलून ठेवायला हवं होतं, कारण हातात गरम केस असताना माणूस विचार करत नाही, जे हाताशी आहे ते उचलतो.

ठेवणीचं म्हणाल तर मालकाने आता नियम केलाय. दिवसातल्या शेवटच्या उड्डाणानंतर इंजिन चालू असतानाच इंधनाची नळी चिमटायची, आत आहे ते जळू द्यायचं, बंद पडलं की परत सुरू करून बघायचं, पेटायचं बंद होईपर्यंत. मग कार्बमध्ये आणि प्लगच्या भोकातून आफ्टर-रन तेलाचे (ठेवण्याआधी घालायच्या गंजरोधक तेलाचे) थेंब आणि प्रॉप वीसेक वेळा फिरवायचा. एरंडेल आणि सिंथेटिक मिसळलेलं तेल असलेलं इंधन घेतो, कारण गंजापासून एरंडेल जास्त सांभाळतं असं काकांचं ठाम मत आहे आणि मलाही तसंच दिसलंय.

लायनर बदलायचा का यावर अजून चर्चा चालू आहे. काका म्हणतात रेघ नखाला लागत नाही तोवर राहू दे. मालक दर महिन्याला मफलर काढून पोर्टमधून टॉर्चने ती रेघ बघतो आणि फोटो काढून पाठवतो, आतापर्यंतचे पाचही फोटो सारखेच आहेत.